सागराचा सातबारा

भारताच्या सागरकिनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर आहे, हे वाक्य आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांनी पाठ केले असेल! सत्तरीच्या दशकातील मोजणीवरून हा आकडा पाठ्यपुस्तकांत आला, तेथून उत्तरपत्रिकांत उतरला आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत कायमचा स्थिरावला. रत्नागिरीच्या शाळेत तो जसा शिकविला गेला, तसाच येरमाळ्याच्या शाळेतही. परंतु केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात हीच लांबी ११,०९८ किलोमीटर दिली आहे. किनारा साडेतीन हजार किलोमीटरांनी वाढला. देशाच्या क्षेत्रफळात मात्र एका गुंठ्याचीही भर पडली नाही. महाराष्ट्राचा किनारा जुन्या हिशेबात ६५२ किलोमीटर होता, तो नव्या हिशेबात ८७७ किलोमीटरांच्या पुढे गेला.

हा चमत्कार मोजपट्टीचा आहे. जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती. एवढ्या लहान नकाशावर खाड्या, वळणे आणि बेटे दिसतच नाहीत. किनारा सरळ धावतो. नवी मोजणी अडीच लाखांस एक या प्रमाणावर झाली आणि लपलेली वळणे प्रकट झाली. येरमाळ्याच्या भोवतालचा बालाघाटाचा डोंगरकडा बैलगाडीच्या रस्त्याने मोजला तर एक अंतर भरेल, आणि प्रत्येक घळीत उतरून दोरीने मोजला तर दुसरे. भूगोलाच्या शिक्षकांना हा मुद्दा फळ्यावर दोन मिनिटांत पटवून देता येईल.

मात्र हा बारकाईचा नकाशा कोठून आला, हे फारसे कोणी विचारीत नाही. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांवरून आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ही नवी मोजणी झाली. हे जलसर्वेक्षण कार्यालय नौदलाचे आहे. दर वर्षी ४ डिसेंबरला आपण नौदलदिन साजरा करतो, तेव्हा डोळ्यांसमोर येतात त्या युद्धनौका, पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रे. शिसपेन्सिल, भरतीचा तक्ता आणि खोलीचे आकडे घेऊन वर्षानुवर्षे समुद्र मोजणारे नौदल आपल्या कल्पनेत नसते. हे काम आपल्याला ठाऊक असावयास हवे, आणि त्यातून निघालेले ज्ञान आजच्याहून अधिक मोकळेपणाने लोकांपर्यंत यावयास हवे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

तगरची वाट

येरमाळ्यापासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा येथील वाचकाने विचारावे, की या मोजणीशी आमचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी मिळते. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील कोणा ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथून कापडाचे गठ्ठे गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जात, आणि तेथून जहाजांनी पश्चिमेकडे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत मिळालेली मूर्ती यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

आता हे पुस्तक कोणत्या जातीचे आहे, ते पाहण्यासारखे आहे. ते प्रवासवर्णन नव्हे आणि इतिहासही नव्हे; खलाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली ती सागरी मार्गदर्शिका आहे. कोणते बंदर कोठे, वारा कोणत्या महिन्यात कसा, उथळ जागा कोठे, हे त्यात सांगितले आहे. भडोचच्या आखातात शिरणे किती धोक्याचे आहे, भरती कशी एकाएकी चढते, आणि राजाच्या सेवेतील तेथील कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे येऊन परक्या जहाजांना वाट कशी दाखवितात, याचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका गावाचे नाव जगाच्या ग्रंथसंपदेत नोंदले गेले ते अशा सागरी मार्गदर्शिकेत. आज नौदलाचे कार्यालय नकाशांसोबत ज्या नौकानयन-सूचना प्रसिद्ध करते, त्यांचा हा पूर्वजच म्हणावयास हरकत नाही.

तगरचे कापड गेले, पण वाट बंद झालेली नाही. येरमाळ्याचा शेतकरी पेरणीच्या वेळी जी खताची गोणी आणतो, तिच्यातील पोटॅश जवळजवळ सर्वच परदेशातून जहाजाने येते. सोलापूर-धुळे महामार्गावरून धावणाऱ्या मालमोटारींचे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून निघते, तेही बहुतांशी समुद्रमार्गेच येते. ती जहाजे ज्या नकाशाच्या भरवशावर बंदरात शिरतात, तो नकाशा चुकीचा असेल तर त्याची झळ घाटमाथ्यावरच्या गावालाही पोहोचल्यावाचून राहत नाही.

खोली मोजावयाची कशी?

जमिनीची मोजणी आपल्या परिचयाची आहे. मोजणीदार येतो, हद्दीचे दगड तपासतो, क्षेत्र काढतो. मग सातबाऱ्यावर धारक कोण, क्षेत्र किती आणि इतर हक्क कोणते याची नोंद होते. सागरी नकाशा हा एका अर्थी समुद्राचा सातबारा होय. खोली किती, तळ वाळूचा की खडकाचा, बुडालेले जहाज कोठे, तारा कोठून गेल्या आहेत, दीपगृहाचा प्रकाश किती वेळाने चमकतो, हे सर्व त्यात असते. फरक एवढाच, की जमीन डोळ्यांना दिसते आणि समुद्राचा तळ दिसत नाही. जे दिसत नाही त्याची नोंद करावयाची असल्याने येथे अंदाजाला जागा नाही.

आपल्याकडे विहिरीची खोली परसांनी सांगतात. माणसाने हात वर केल्यावर होणारी उंची म्हणजे एक परस. खलाशांचे माप 'वाव' हे होते. दोन्ही हात पसरल्यावर होणारे, सुमारे सहा फुटांचे. दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडावयाचे आणि किती वाव दोरी गेली ते मोजावयाचे, ही शतकानुशतकांची रीत. शिशाच्या बुडाला चरबी लावीत, म्हणजे तिला चिकटून तळाची वाळू वा चिखल वर येई. विसाव्या शतकात ध्वनीचा उपयोग सुरू झाला. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. जहाजातून सोडलेला ध्वनी तळावर आपटून दोन सेकंदांत परत आला, तर खोली दीड हजार मीटर. हे गणित आठवीचा विद्यार्थीही करील. आजची उपकरणे एकाच वेळी शेकडो ध्वनिशलाका पंख्यासारख्या पसरून तळाचा रुंद पट्टा मोजतात.

मात्र उपकरण आले म्हणून कष्ट संपले नाहीत. पाण्याची पातळी भरती-ओहोटीने सतत बदलते. म्हणून किनाऱ्यावर भरतीमापक बसवून प्रत्येक आकडा ओहोटीच्या नीचतम पातळीवर आणून मांडावा लागतो. नकाशात पाच मीटर लिहिले असेल, तर साधारणपणे कोणत्याही वेळी तेथे पाच मीटरांहून कमी पाणी मिळू नये, असा त्यामागचा सावध विचार. पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलली की ध्वनीचा वेगही बदलतो. तीही दुरुस्ती करावी लागते. पावसाळा सरला की सर्वेक्षणनौका निघतात आणि नांगरणीच्या तासांप्रमाणे समांतर रेषांत समुद्र उभा-आडवा पालथा घालतात. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक एकेक चुनखडी वेचतात आणि पाहता पाहता ढीग उभा राहतो. सागरी नकाशाही असाच एकेका आकड्याने उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर गावाची उंची लिहिलेली असते, ती समुद्रसपाटीपासून. म्हणजे बालाघाटाची उंचीदेखील किनाऱ्यावरच्या भरतीमापकांनी ठरविलेल्या पातळीवरूनच मोजावी लागते. जमिनीच्या मोजणीचा शून्य समुद्रात आहे.

मुंबईहून देहरादूनला

या कामाचा आपल्याकडील इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमारातील अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणचे आखात, तांबडा समुद्र आणि मालदीव-लक्षद्वीपचा परिसर मोजून काढला. मोर्सबी आणि एल्वन या अधिकाऱ्यांनी १८२९ पासून १८३४ पर्यंत तांबड्या समुद्राचे सर्वेक्षण केले. प्रवाळखडकांनी भरलेल्या त्या समुद्रातून आगबोटी नेण्यासाठी ते आवश्यक होते. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही मुंबईत बांधलेली आगबोट सुएझला जाऊन पोहोचलीही. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, पण त्या मार्गावरचे पाणी आधी मुंबईच्या आरमाराने मोजले होते. अर्थात हे सर्व साम्राज्याच्या सोयीसाठी चालले होते, हे विसरता येत नाही. जो मोजतो तो ताबा घेतो, हे तत्त्व जमिनीवर जसे खरे ठरले तसेच पाण्यावरही. काळाचा विनोद असा, की विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्राच्या पोटात असलेल्या प्रवाळपठाराला इंग्रजी नकाशांनी 'आंग्रिया बँक' हे नाव दिले. ज्या कान्होजी आंग्र्यांना ते चाचा म्हणत, त्यांचेच नाव त्यांच्या नकाशावर कायमचे कोरले गेले.

१८६३ मध्ये ते जुने आरमार मोडण्यात आले आणि सर्वेक्षणही थंडावले. समुद्राचा तळ मात्र थांबत नाही. नद्या गाळ आणतात, वाळूचे बांध सरकतात, आणि जुना नकाशा अज्ञानापेक्षाही घातक ठरतो, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. शेवटी १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचे स्वतंत्र खाते काढावे लागले. आजचा नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग आपली परंपरा त्या वर्षापासून मोजतो. एक दशकभर दुर्लक्ष केले तर काय भोगावे लागते, याचा हा धडा.

स्वातंत्र्यानंतर हे काम नौदलाकडे आले आणि १९५४ मध्ये कार्यालय देहरादूनला गेले. समुद्राचा वाराही लागत नाही अशा डोंगरातल्या गावी सागरी नकाशे तयार व्हावेत, याचे नवल वाटेल. पण भारतीय सर्वेक्षण विभागाचे ठाणे तेथेच होते. समुद्रापासून दूर राहूनही समुद्राचे काम करता येते, ही गोष्ट मराठवाड्यातील विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. १९५५ मध्ये भारत मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचा सदस्य झाला. १९६४ मध्ये विशाखापट्टणमला बांधलेली 'दर्शक' ही नौका कामास लागली. अगदी अलीकडे कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने बांधलेल्या, सुमारे एकशे दहा मीटर लांबीच्या नव्या सर्वेक्षणनौका दाखल झाल्या: फेब्रुवारी २०२४ मध्ये 'संधायक', त्याच वर्षी डिसेंबरात 'निर्देशक' आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'इक्षक'. मॉरिशस, सेशेल्स, मालदीव यांसारख्या देशांच्या पाण्याचे सर्वेक्षणही भारतीय नौदलाने केले आहे. एके काळी आपला समुद्र दुसऱ्याने मोजला. आज शेजारी आपल्याला मोजणीस बोलावतात. मैत्रीचा याहून उपयुक्त प्रकार क्वचितच असेल.

नकाशा हा पुरावा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यानुसार किनारी राष्ट्राचा हक्क सामान्यतः ओहोटीच्या रेषेपासून मोजला जातो, आणि ती रेषा म्हणजे त्या राष्ट्राने मान्य केलेल्या मोठ्या प्रमाणावरील सागरी नकाशावरची रेषा. तेथून बारा सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि दोनशे सागरी मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवरील आर्थिक हक्क. म्हणजे सातबाऱ्याची उपमा केवळ अलंकार नाही. कच्छच्या सर क्रीक खाडीचा वाद आहे, तेथे २००७ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त सर्वेक्षण केले. वाद मिटला नाही, पण निदान तो कशाबद्दल आहे हे कागदावर आले. बंगालच्या उपसागरात बांगलादेशाशी असलेला वाद २०१४ मध्ये लवादाने निकाली काढला. सुमारे साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी साडेएकोणीस हजारांच्या आसपास बांगलादेशाकडे गेले. भारताने तो निर्णय मानला. तेथेही दोन्ही पक्षांनी आपापली बाजू सागरी नकाशांच्याच आधारे मांडली होती.

संकटकाळी तर या मोजणीचे मोल अधिकच कळते. डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले. इंदिरा पॉइंटचे दीपगृह पाण्यात उभे राहिले. एका सकाळीत त्या भागातील जुने नकाशे निरुपयोगी झाले आणि पाणी पुन्हा मोजावे लागले. त्याच वेळी 'निरुपक' ही सर्वेक्षणनौका इस्पितळाचे रूप घेऊन इंडोनेशियाच्या मदतीस गेली. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली आणि 'एमएससी चित्रा'वरील कंटेनर समुद्रात पडले. मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, कारण बुडालेली ती लोखंडी पेटारी जहाजमार्गात नेमकी कोठे आहेत हे कोणाला दिसत नव्हते. नौदलाच्या ध्वनिउपकरणांनी तळ धुंडाळल्यावरच वाट मोकळी होऊ शकली.

नौदलाकडेच का?

येथे एक रास्त प्रश्न उद्भवतो. एवढे लोकोपयोगी काम लष्करी खात्याकडे का असावे? अमेरिकेत स्वतःच्या किनाऱ्याचे नकाशे मुलकी खाते तयार करते, आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती कोणालाही विनामूल्य मिळते. कॅनडा आणि जर्मनी यांनीही हे काम मुलकी खात्यांकडे ठेवले आहे. उलट फ्रान्समध्ये ते संरक्षणखात्याच्या छत्राखाली आहे. आपल्यापुरते बोलावयाचे तर नौदलाकडे जहाजे, शिस्त, प्रशिक्षण आणि अखंड परंपरा आहे. दूरच्या पाण्यात महिनोन्महिने राहण्याची सवय आहे. १८६३ नंतरच्या पोकळीचा अनुभव लक्षात घेता ही घडी विसकटण्यात शहाणपण नाही.

पण नौदलाकडे काम असणे निराळे आणि ज्ञान नौदलापाशीच राहणे निराळे. पाणबुडीच्या मार्गाचे तपशील गुप्त राहावेत, याविषयी दुमत नाही. परंतु हर्णैच्या वा सातपाटीच्या मच्छीमाराला आपल्या खाडीच्या मुखाशी गाळ किती साचला, बुडालेली बोट कोठे आहे, हे मराठीत आणि सहज वाचता येईल अशा रूपात का मिळू नये? हैदराबादची सागरी माहिती सेवा मासळी कोठे मिळेल याची सूचना मराठीसह अनेक भाषांतून देते. देहरादूनचे कार्यालय दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचनापत्र प्रसिद्ध करतेच. त्यातील महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरता भाग मराठीत देणे अवघड नाही. वाढवणसारख्या प्रचंड बंदराविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. पण तळाचे आणि गाळाचे आकडे सर्वांसमोर असतील तर निदान वाद आकड्यांवर होईल, अफवांवर होणार नाही. सातबारा गोपनीय ठेवला असता तर आपल्या खेड्यांतील तंटे किती वाढले असते, याचा विचार करून पाहावा.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. २१ जून हा जागतिक जलसर्वेक्षण दिन. मोनॅकोची संघटना १९२१ साली त्याच दिवशी स्थापन झाली. योगदिनही नेमका तोच असल्याने शाळांत योगासने होतात आणि समुद्राचे नाव निघत नाही. त्या दिवशी भूगोलाच्या तासाला अर्धा तास काढून ७,५१६ आणि ११,०९८ हे दोन आकडे फळ्यावर मांडावेत आणि मुलांनाच विचारावे, की दोन्ही मोजण्यांत फरक का पडला. आकडा पाठ करण्यापेक्षा तो कसा निघतो हे समजणे मोठे आहे. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.

तिसरी गोष्ट तरुणांची. गोव्यातील राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत नौदलाचे अधिकारी आणि नौसैनिक हे शास्त्र शिकतात. परदेशांतूनही विद्यार्थी तेथे येतात. त्यासाठी लागते ते गणित, भौतिकशास्त्र आणि चिकाटी. किनाऱ्यावर जन्म घ्यावा लागत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून आहे. येरमाळ्याहून जाणारा महामार्गच तेथे नेतो. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडे झाले आहे. भरती म्हटली की आपल्याकडील मुले मैदानावर धावू लागतात. वहीत त्रिकोणमिती सोडविणाऱ्यालाही सैन्यदलात जागा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

जगाच्या सागरतळाचा आधुनिक पद्धतीने मोजलेला भाग आज चौथ्या हिश्श्याहून थोडासाच अधिक आहे. उरलेला तळ कसा आहे हे माणसाला नीट ठाऊक नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तगरचा माल सुखरूप पोहोचावा म्हणून भडोचचे कोळी होड्या घेऊन परक्या जहाजांपुढे जात आणि त्यांना उथळ पाण्यातून वाट दाखवीत. नौदलाच्या सर्वेक्षणनौका आज तेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर करीत आहेत. त्यांच्या नकाशावरील आकडे किनाऱ्यावरच्या कोळ्याला वाचता यावेत आणि घाटमाथ्यावरच्या विद्यार्थ्याला समजावेत, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.